तुळशीची रोपे आणि इंदूरचे खत

दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी आपल्या मंडळाच्या मागच्या अंगणात रोपे वाटतो, तेव्हा कोणी ना कोणी विचारतेच, "काय हो, गुलमोहर नाही का?" नाही. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, आणि रस्त्याकडेला ऐसपैस वाढणारा रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला. ही झाडे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही, पण ती कोणीही देईल. आमच्याकडे बेल, कवठ, शमी, आपटा, अर्जुन, करंज, पळस, खैर, चारोळी आणि थोडी अंजनाची रोपे असतात. यंदा कार्यवाहांनी रोपांबरोबर लेखही मागितला. लेख लिहायची सवय नाही, अहवाल लिहायची आहे. तेव्हा हे जरा अहवालासारखे वाटले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पेशाने मी उपयंत्री. पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा घेतला आणि नोकरीला लागलो. झाडांशी माझा सरकारी संबंध एवढाच, की रस्त्याच्या आड येणारी झाडे मोजायची. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर घ्यायचा, जात लिहायची, खोडावर चुन्याने आकडा टाकायचा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रस्त्याच्या रुंदीकरणात मी अशी कडुनिंब, चिंच, वड आणि मोहाची झाडे मोजली. काही वडांना टेप पुरला नाही, म्हणून दोन टेप जोडले. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा तिथे मुरूम पसरलेला होता आणि माझी मोजणी अगदी बरोबर आली होती. तोडलेल्याच्या बदल्यात झाडे लावायचीच असतात, ती लावलीही. पण जी तोडली त्यांतल्या मोहाचे रोप कुठल्याच ठेकेदाराला कुठल्याच नर्सरीत मिळाले नाही. मोहाला कोण विचारतो? त्याच्या जागी जे स्वस्त आणि भराभर वाढणारे होते ते लागले.

त्या पावसाळ्यात मी घरामागच्या मोकळ्या जागेत पन्नीच्या वीस-पंचवीस थैल्या भरून मोहाच्या बिया लावल्या. आमच्या छोट्या रोपवाटिकेची सुरुवात ती. आमच्याकडच्या सरकारी भाषेत तिला 'रोपणी' म्हणतात. मला तो शब्द आवडतो.

रोपणीच्या नादाने मी इंदूरचा इतिहास वाचू लागलो. शाळेत आपण मल्हारराव, अहिल्याबाई, १८१८ चा मंदसौरचा तह आणि त्यानंतर इंदुरात आलेली राजधानी एवढे शिकलो. पण या शहराच्या नावांतच किती झाडे उभी आहेत पाहा: इमली बाजार, खजूरी बाजार, पिपल्यापाला, पलासिया. नवलखा म्हणजे नऊ लाख झाडांची बाग, असे जुने लोक सांगत. नऊ लाख कोणी मोजली असतील असे मला वाटत नाही (मोजणीचा त्रास मला ठाऊक आहे), पण बाग मोठी असल्याखेरीज असे नाव पडत नाही. आज पलासियाच्या चौकात उभे राहून पळस शोधून दाखवा.

या वाचनात पॅट्रिक गेडिस भेटले. नगररचनाकार म्हणून त्यांचे नाव मोठे आहे, पण मूळचे ते वनस्पतिशास्त्राचे माणूस, स्कॉटलंडात डंडीच्या कॉलेजात त्याच विषयाचे प्राध्यापक. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजातून येत होते ते जर्मनांच्या 'एम्डेन' युद्धनौकेने बुडवले, तरी गडी थांबला नाही. त्यांनी कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. इंदूर दरबारासाठी लिहिलेला अहवाल १९१८ चा, दोन खंडांचा, आणि आजही वाचावा असा. आमच्या खात्यातल्या अहवालांत 'नागरिक' हा शब्द शेवटच्या परिच्छेदात येतो. गेडिसच्या अहवालात माणसे पहिल्या पानापासून आहेत, त्यांची अंगणे, विहिरी आणि नद्यांसकट.

त्या काळी इंदुरात प्लेग पुन्हा पुन्हा येत असे. उंदीर घाणीत वाढतात, पण घरे साफ करा म्हणून दवंडी पिटल्याने कोणी घर साफ करत नाही. गेडिसनी तुकोजीराव महाराजांकडून एक वेगळाच अधिकार मागून घेतला. १९१७ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी शहरातून एक मिरवणूक काढली. जो रस्ता, जी आळी सर्वांत स्वच्छ दिसेल तिथूनच मिरवणूक जाणार, असे आधी जाहीर केले. मग काय विचारता! घराघरांत झाडलोट, रंगरंगोटी, डागडुजी सुरू झाली. मिरवणुकीत हत्ती, घोडे आणि वाद्ये तर होतीच, शिवाय प्लेगचा राक्षसी उंदीर होता, रोगराईची सोंगे होती, पडक्या अंधाऱ्या घरांच्या प्रतिकृती होत्या. त्यांच्यामागून पांढरेशुभ्र कपडे घातलेले, फुले लावलेले सफाई कामगार नव्या झाडूंनिशी मानाने चालत होते. १९१७ साली, मिरवणुकीत, मानाने. त्यामागे नगरदेवता इंदूर आणि पुढे होऊ घातलेल्या शहराचे नकाशे. शेवटी रावण आणि तो उंदीर जाळला. अमेलिया डिफ्रीज या गेडिसच्या शिष्येने १९२७ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यात हे वर्णन सविस्तर आले आहे.

मी त्यातल्या एका तपशिलापाशी थांबलो. मिरवणुकीच्या शेपटाला फळाफुलांच्या गाड्या होत्या आणि छोट्या छोट्या कुंड्यांतून तुळशीची रोपे लोकांना फुकट वाटली गेली. स्वच्छ हिंदू घराची खूण म्हणून तुळस. परदेशी माणसाला ही गोष्ट नेमकी कळली याचे कौतुक सगळेच करतात. मला दुसरेच सुचले.

तुळस काही मिरवणुकीच्या आदल्या दिवशी उगवत नाही. दिवाळीला हातात द्यायचे रोप हवे तर बी आषाढ-श्रावणात पडले पाहिजे. बी मोहरीहून बारीक, ते खोल गेले तर उगवतच नाही. बारीक चाळलेल्या खतात वाळू मिसळून वरून भुरभुरायचे आणि झारीने नव्हे, हाताने शिंपडून पाणी द्यायचे. उगवल्यावर दाटी झाली की विरळ करायचे. पावसाची झड आठ-दहा दिवस लागली तर कोवळी रोपे बुडाशी काळी पडून आडवी होतात, तेव्हा पुन्हा पेरायचे. भाद्रपदात एकेक रोप कुंडीत हलवायचे आणि शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. एका कुंडीला एवढे. घरोघर वाटण्याइतक्या कुंड्यांना किती? म्हणजे गेडिसच्या डोक्यात मिरवणुकीची कल्पना पक्की होत होती तेव्हा इंदूरच्या कुठल्या तरी बागेत कोणी माळी, बहुधा माळणीसुद्धा, उकिडवे बसून बी भुरभुरत होते. पुस्तकात गेडिस आहेत, महाराज आहेत, हत्तीही आहेत.

आता आमच्या रोपणीच्या वर्षाकडे वळतो. ते गुढीपाडव्याला सुरू होत नाही आणि एप्रिलच्या आर्थिक वर्षाप्रमाणेही चालत नाही. ते बियांवर चालते. खैर आणि शिरीषाच्या शेंगा उन्हाळ्याच्या तोंडावर वाळतात. त्यांचे बी डब्यात घालून ठेवले तरी चालते. शिरीषाचे कवच इतके कठीण, की पाणी उकळून खाली उतरवायचे, त्यात बी टाकायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी जे फुगले ते पेरायचे, न फुगलेले परत गरम पाण्यात. बेल चैत्र-वैशाखात पिकतो. गर धुऊन काढल्याशिवाय बी पेरले तर मुंग्या आणि बुरशी दोघींची मेजवानी होते. चारोळीला आदिवासी भाग 'अचार' म्हणतो. तिची आठळी हलक्या हाताने फोडावी लागते. जोर जास्त झाला की आतला दाणा गेला, आणि तो दाणा बासुंदीत घालण्यापुरताच उरतो. आमच्या घरी हा अपघात जरा जास्तच वेळा होतो असे आईचे निरीक्षण आहे.

खरी धांदल ज्येष्ठात. कडुनिंब, जांभूळ आणि मोह यांचे बी साठवता येत नाही. झाडावरून पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांत मातीत गेले नाही तर मेलेच समजा. नेमकी याच दिवसांत आमच्या खात्यात पावसाळ्यापूर्वीच्या कामांची घाई असते. एका वर्षी मोहाच्या बिया पोत्यात भरून ठेवल्या आणि वीस दिवस दौऱ्यावर राहिलो. परत येऊन थैल्या भरल्या, पाणी घातले, वाट पाहिली. सगळ्या थैल्या रिकाम्या. नर्सरीवाले मोह का ठेवत नाहीत ते त्या वर्षी कळले. ठेकेदाराला फेब्रुवारीत निविदा मिळते आणि जुलैत रोपे हवी असतात. मोहाचे बी पडते जूनमध्ये. कागदाचे वर्ष आणि झाडाचे वर्ष जुळत नाही, त्यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

अंजनाची गोष्ट आणखी वेगळी. निमाडात खंडवा-बऱ्हाणपूरकडे अंजनाची जंगले आहेत. खडकाळ, कोरड्या जमिनीत ते उभे राहते, कारण रोप आधी मूळ खाली सोडते. वर चार पाने असतात आणि खाली मूळ थैलीचा तळ फोडून जमिनीत शिरलेले असते. थैल्या वेळोवेळी उचलून जागा बदलल्या नाहीत तर न्यायच्या दिवशी रोप उपटताना मूळ तुटते. पळसही तसाच, पहिली काही वर्षे वरचा शेंडा वाळतो, पुन्हा फुटतो, पुन्हा वाळतो. लोक म्हणतात, तुमचे रोप मेले. मेलेले नसते, खाली जमवाजमव चाललेली असते. गुलमोहर विचारणाऱ्यांना मी हे सांगत बसतो आणि ते ऐकता ऐकता दुसऱ्या टेबलावरचा प्रसाद घ्यायला जातात.

हे सगळे ज्यावर उभे असते ते खत. माळव्याची काळी माती शेताला सोन्यासारखी, थैलीत मात्र घात करते. पाणी दिले की चिखल, नाही दिले की दगड, आणि भेगा पडताना कोवळी मुळे तोडते. म्हणून दोन भाग पिवळी माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले खत असे मिश्रण आम्ही करतो. पहिल्या वर्षी मी पावसाळ्यात परसात खड्डा खणला, त्यात कडुनिंबाचा पाला दाबून दाबून भरला, वर शेण ओतले आणि पायांनी तुडवले. श्रावणात शेजारच्या काकू नाकाला पदर लावून दारात आल्या. खड्ड्यात पाणी साचून सगळे सडले होते. कुजणे आणि सडणे यांत फरक असतो हे त्या वासाने शिकवले.

आणि मग कळले, की ज्या शास्त्रात मी नापास झालो ते आपल्याच गावाच्या नावाने जगभर शिकवले जाते. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारातल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. १९२४ मध्ये इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली, तिचे ते संचालक. जमीन होळकर दरबाराची, पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. मुख्य काम कापसाचे. पण शेतकऱ्याला रासायनिक खत परवडत नाही, शेण गोवऱ्यांत जाते आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा वाया जातो, हे हॉवर्डना खुपत होते. किंग नावाच्या अमेरिकन मृदातज्ज्ञाने चीन, कोरिया आणि जपानातली शेती पाहून १९११ साली पुस्तक लिहिले होते. चाळीस शतके तीच जमीन कसूनही ती माणसे उपाशी का मेली नाहीत, हा त्याचा विषय. हॉवर्डनी तो धागा उचलला. किडी आणि शेतकरी हेच आपले गुरू, असे ते म्हणत. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि बरोबरीने काम करत. त्या १९३० मध्ये वारल्या आणि १९३१ मध्ये हॉवर्ड इंदूर सोडून गेले.

त्याच वर्षी पुस्तक आले: शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा, याचे. मुखपृष्ठावर नावे दोन आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड, एम.एस्सी., संस्थेच्या रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक. वाड हे आडनाव या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगायला नको. खड्ड्यात काय तापते, किती तापते, नत्र किती राहतो आणि किती उडून जातो, हे ठरवायला रसायनशास्त्रज्ञच लागतो. आज इंटरनेटवर 'इंदूर पद्धत' शोधा, हॉवर्डचे छायाचित्र शंभर ठिकाणी दिसेल. वाडांचे नाव दिसायला पानामागून पाने उलटावी लागतात. १९४० च्या हॉवर्डच्या प्रसिद्ध ग्रंथानंतर तर जग एकाच नावाने बोलू लागले. मला याचा राग येतो, हे कबूल करतो. पण पुस्तकावर नाव छापले गेले ते हॉवर्डनीच छापले, हेही सांगितले पाहिजे. साहाय्यकाचे नाव मुखपृष्ठावर देणारे साहेब तेव्हाही थोडे होते, आजही आहेत.

पद्धत अशी. संस्थेत तेहतीस खड्डे होते, प्रत्येकी तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि फक्त दोन फूट खोल, कडा उतरत्या. दोन फूटच का? त्याहून खोल गेले तर हवा पोचत नाही. माझा खड्डा कमरेइतका होता! खड्ड्यांच्या ओळींमध्ये भरलेली बैलगाडी जाईल एवढी वाट. कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत, म्हणजे फोडायची मजुरी वाचली. सुका आणि हिरवा पाला मिसळून थर द्यायचा, त्यावर गोठ्यातले अंथरूण आणि शेण, मग गोठ्यातली मुतलेली माती आणि लाकडाची राख. राख आंबटपणा मारते. पाणी शिंपडायचे आणि तुडवायचे मुळीच नाही. काही दिवसांत ढीग पासष्ट अंशांपर्यंत तापतो, हात घालवत नाही. पंधरा-सोळा दिवसांनी पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून त्या चार महिन्यांत ढीग जमिनीच्या वर रचायचा. हे वाक्य मी वाचले तेव्हा काकूंची आठवण झाली.

केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत आणि सिलोनातल्या चहाच्या मळ्यांत ही पद्धत काही वर्षांतच पोचली, इंदूर हे नाव घेऊनच. आज सेंद्रिय शेती म्हणून जे चालते त्याच्या मुळाशी ही तेहतीस खड्ड्यांची जागा आहे. तिथे आता कृषी महाविद्यालय आहे आणि आपण त्याच्या बाजूने गाडी पळवत जातो.

वाड मात्र हॉवर्ड गेल्यावर थांबले नाहीत. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड या दोघांच्या नावे संस्थेची एक पुस्तिका निघाली. वस्तीतला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीने निरोगी रीतीने कसा जिरवावा आणि त्याचे खत कसे करावे, असा तिचा विषय. शेतातली पद्धत शहराच्या कचऱ्याला लावण्याचा विचार इथे केलेला आहे. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले आहे, २०२२ मध्ये देवगुराडियाला रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण छाती फुगवून सराफ्यात नेतो आणि रस्ते किती चकचकीत ते दाखवतो. त्या सगळ्या भाषणांत मी अजून एकदाही १९१७ च्या मिरवणुकीतले झाडूवाले किंवा १९३४ ची पुस्तिका ऐकली नाही.

आमचे खत आता बरे होते. उन्हाळ्यात सहा फूट बाय तीन फुटांचा उथळ खड्डा, पावसाळ्यात त्याच जागी वर ढीग. राखेसाठी आता चुली उरल्या नाहीत, ती मी कपड्यांना इस्त्री करणाऱ्या भैयाकडून आणतो. मंडळाच्या गणपतीचे निर्माल्य गेली काही वर्षे आमच्याच ढिगात येते. त्यात दूर्वा, शमी, आघाडा, मारवा, बेल असे सगळे असते, फक्त हारांतला दोरा आणि जरीची लेस वेचून काढावी लागते. भाद्रपदात घातलेले निर्माल्य मार्गशीर्षात काळेभोर, मातीचा वास असलेले खत होऊन बाहेर येते. ते चाळून ठेवतो. पौषातल्या थंड रात्री रोपांवर गोणपाट टाकावे लागते, माघात बेलाची पाने गळतात आणि नवखे लोक घाबरतात. फाल्गुनात ज्यांची मुळे थैलीत गोल फिरू लागली आहेत ती रोपे मोठ्या थैलीत जातात. मग पुन्हा शेंगा वाळू लागतात.

मोहाची पहिल्या वर्षीची रोपे वीस-पंचविसातली सात जगली होती. त्यांतली चार मी त्याच रस्त्याच्या कडेला, सीमारेषेच्या आत, कोणाला न विचारता लावली. दोन आहेत. एकाचा घेर परवा घेतला, सवयीने. पंच्याहत्तर सेंटिमीटर भरला. अजून फुलले नाही.

यंदा रोपे रविवारी सकाळी नऊपासून मिळतील. घरून कापडी पिशवी आणावी, पन्नीची थैली लावल्यावर धुऊन परत द्यावी, ती पुढच्या वर्षी लागते. अंजन फक्त ज्यांच्याकडे मोकळी जमीन आहे त्यांनी मागावे, गच्चीवरच्या कुंडीत ते जगणार नाही. तुळशीचे बी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात पेरले होते, झडीत निम्मे गेले, पुन्हा पेरले. ती रोपे गणपतीत देण्याजोगी झालेली नाहीत. ती दिवाळीला वाटू.